कनेरगाव नाक्याच्या अलीकडे, जॅकवर

आमच्या वरच्या मजल्यावरचं जोडपं यंदा बर्फ बघायला परदेशात गेलं. मी हिंगोली जिल्ह्यात गेलो. त्यांनी परत आल्यावर सगळ्या सोसायटीला बोलावून फोटो दाखवले, वर चॉकलेटं दिली. माझ्याकडे एकच फोटो आहे, तोही चुकून दाबला गेलेला. त्यात माझा अंगठा आणि थोडं आकाश दिसतं. म्हणून लिहून काढतोय.

माझ्या मेहुण्याचा, म्हणजे अण्णांचा, सांगलीत कारखाना आहे. तिथं हळद शिजवायची यंत्रं बनतात. मधे पाण्याची टाकी, तिच्याखाली भट्टी आणि भोवती पुरुषभर उंचीचे ड्रम. वाफ सोडली की शेतातून काढलेली ओली हळद त्यात शिजते. मराठवाड्यात याला सरळ ‘कुकर’ म्हणतात. आमच्या सोसायटीतल्या सगळ्या बिऱ्हाडांचा भात एका दमात होऊन वर पाहुण्यांना उरेल, एवढा हा कुकर. यंदा हिंगोलीकडून दोन कुकरांची मागणी आली. एक डोंगरकड्याला उतरवायचा होता, दुसरा कनेरगाव नाक्याच्या पुढं, आतल्या एका खेड्यात.

यंत्राबरोबर जाणता माणूस पाठवायचा, असा अण्णांचा नियम आहे. जाणत्या फिटरच्या घरी नेमकं लग्न निघालं. तेव्हा अण्णांनी कारखान्यात नजर फिरवली आणि ज्याच्या नसण्यानं कुणाचंच काही अडत नाही असा माणूस शोधला. मी तिथं फोन उचलायचं काम करतो.

“दाजी, तुम्हाला काय करायचं नाही,” अण्णा म्हणाले. “फक्त शेजारी बसायचं.”

या कामाला मी सर्वस्वी लायक होतो.

ज्याच्या शेजारी बसायचं त्याचं नाव रावसाहेब. हे त्याचं पाळण्यातलं नाव, हुद्दा नव्हे. पण वागणं हुद्द्याचं. ट्रकचा मालक तोच, ड्रायव्हर तोच, क्लीनरही तोच. त्यामुळे ट्रकमध्ये त्याचं सगळ्यांशी एकमत असे. वय चाळिशीचं, मिशा भरघोस, आणि जगातल्या प्रत्येक अडचणीवर एकच औषध: “चालतंय की.” आरसा फुटलाय? चालतंय की. वायपर एकच आहे? ऊन पडलंय, चालतंय की. सांगलीपासून नांदेडच्या अलीकडेपर्यंतच्या वाटेबद्दल मी काही लिहीत नाही. त्या वेळात मी मुख्यतः डोळे मिटून होतो, आणि ते झोप आली म्हणून नव्हे.

डोंगरकडा

हळद म्हणजे सांगली, अशा समजुतीत माझा जन्म गेला. डोंगरकड्याच्या आसपास पोचलो आणि ती समजूत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वाळत पडलेली दिसली. शेतात हळदीचे ढीग, खळ्यावर हळद, घराच्या अंगणात हळद. मधूनमधून कुकर धडधडताहेत आणि वाफेला ओल्या मातीचा, आल्याचा आणि कसल्याशा कडवट औषधाचा वास आहे. हळदीचं रान संपलं की केळीच्या बागा. आमच्याकडे हळदीचा व्यापार मोठा, पेढ्या मोठ्या, बोलणं त्याहून मोठं. पिकवण्याची तसदी बरेचदा इकडचे लोक घेतात, हे आमच्याकडे फारसं बोललं जात नाही.

कुकर घेणारे यादवराव फाट्यावरच उभे होते. “या, या! सकाळधरनं वाट पाहून राहिलो आमी,” म्हणत त्यांनी माझा हात असा धरला, जणू मी लग्नाचा मुलगाच. कुकर उतरवला. त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. हळद शिजवायच्या यंत्राला हळद वाहणं मला गमतीचं वाटलं, पण मी गंभीर राहिलो. मग सगळे माझ्याकडे वळले. सांगलीहून साहेब आलेत, आता साहेब माहिती सांगतील.

साहेबांनी झाकणावर हात ठेवला. “हे झाकण,” साहेब म्हणाले. “हे घट्ट लावायचं.”

“बराबर,” यादवराव म्हणाले आणि माझ्यावर जास्त भार न टाकता स्वतःच गावकऱ्यांना सगळं समजावून सांगू लागले. त्यांचा हा तिसरा कुकर होता.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, ठेचा आणि कच्चा कांदा. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून केलेलं पीठ. त्याची आमटी आमच्या कटाच्या आमटीसारखी दिसते, म्हणून मी बेसावध राहिलो. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. यादवरावांच्या घरच्यांनी ते प्रेमाचं मानलं आणि वाटी परत भरली. निघताना केळीचा एक अख्खा घड केबिनमध्ये ठेवला. त्यानंतर मला पाय ठेवायला जागा उरली नाही, पण पाहुणचाराला नाही म्हणायची सोय इकडे नाही. रात्री त्यांच्याच ओसरीवर झोपलो.

हिंगोली

सकाळी हिंगोलीत चहाला थांबलो. टपरीवर चहा मराठीत मिळतो आणि सल्ला हिंदीत. शेजारच्या बाकावरचा एक माणूस बशीतला चहा फुंकत म्हणाला, “भैया, पीछे का टायर देख लेना. पेट निकला है उसका.”

मागच्या डाव्या बाजूच्या बाहेरच्या टायरला खरोखर पोट सुटलं होतं. साधारण माझ्याएवढं.

रावसाहेब उठला, टायरजवळ गेला आणि त्यानं टायरला लाथ मारली. भारतात टायर तपासायची ही सर्वमान्य पद्धत आहे. टायरनं उलट लाथ मारली नाही, म्हणजे तो ठीक.

“चालतंय की. नाका कितीसा लांब राहिलाय?”

“रावसाहेब, बदलून घ्यायचं का इथंच?” मी म्हणालो. “सपाट जागा आहे, सावली आहे, चहा आहे.”

“दाजी,” तो मायेनं म्हणाला, “टायर बोलतंय माझ्यासंगं. त्येला जायचं असलं तर मला आधी सांगंल.”

हिंगोली सोडून वाशीमच्या रस्त्याला लागलो. कनेरगाव नाका जवळ येत होता तेव्हा टायर बोललं. आवाज एवढा मोठा होता की रस्त्याकडेच्या बाभळीवरचे सगळे पक्षी उडाले.

नाक्याच्या अलीकडे

आता ट्रक कुठं उभा करायचा, हा प्रश्न होता. मागच्या जोडचाकातलं आतलं टायर शाबूत होतं, पण तेही गुळगुळीत. सगळा भार त्याच्यावर घेऊन पुढं जाणं शहाणपणाचं नव्हतं. थोडं पुढं एक पेट्रोल पंप दिसत होता, फरशीसारखा सपाट. पण मागून एका मोठ्या गाडीनं हॉर्न वाजवला आणि तिच्यापुढं लंगडत जाणं रावसाहेबाच्या मानाला लागलं. त्यानं आमचा ट्रक डावीकडे खाली घेतला. तिथं पाण्याच्या पाइपासाठी चर खणून पुन्हा मुरूम टाकून बुजवलेला होता. डावी चाकं त्या भुसभुशीत मुरमावर, उजवी डांबरावर. वर कुकर. कारखान्यात उभा असताना तो यंत्रासारखा दिसायचा. आता डावीकडे कलून तो, शेजारच्या शेतात कोण काय करतंय हे वाकून बघणाऱ्या माणसासारखा दिसू लागला.

शेजारच्या शेतात शिजवलेली हळद वाळत घातली होती. रस्त्याच्या कडेपासून थेट आतपर्यंत, पिवळीधमक. कुकर पडलाच तर नेमका तिच्यावर पडेल, अशी मोजून जागा रावसाहेबानं निवडली होती.

टायर कसं बदलायचं हे रावसाहेबाला माहीत नव्हतं असं कुणी समजू नये. त्यानं मला सोलापूरच्या आसपास ते साग्रसंगीत सांगितलं होतं. जागा घट्ट आणि सपाट हवी. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची. बाकीच्या चाकांना पुढून मागून उटी, म्हणजे दगड, लावायचे. चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करायचे. जॅकखाली जाड फळी, अॅक्सलखाली लाकडाचा आधार. आणि काही झालं तरी गाडीखाली अंग घालायचं नाही. “जॅक उचलायला असतोय दाजी, धरून ठेवायला न्हाई,” असंही वर सांगितलं होतं. नियम त्याला तोंडपाठ होते. आपल्याकडे नियम पाठ असले की ते पाळल्यासारखंच असतं.

रावसाहेबानं हँडब्रेक ओढला. मागं रस्त्यावर बाभळीची फांदी तोडून टाकली, तिच्याभोवती चार दगड ठेवले. मग जॅक काढला, एक चपटा दगड शोधून मुरमावर ठेवला, दगडावर जॅक ठेवला आणि दांडा हलवायला सुरुवात केली.

“उटी?” मी विचारलं.

“लावायच्यात की.”

“आणि नट आधी…”

“दाजी, केळं खा.”

मी केळं खाल्लं. एवढ्यात मोटरसायकलवरून एक पांढरा शर्ट घातलेला गृहस्थ येऊन थांबला. इंजिन चालूच ठेवून त्यानं सल्ला दिला, “थोडा डावीकडं घ्या जॅक.” मग म्हणाला, “न्हाई, उजवीकडंच बराबर होता.” मग मोबाइल काढून चित्रण करू लागला. कुठं अपघात झाला तर लोकांना कळायला हवं, एवढी समाजसेवेची जाण इकडे शाबूत आहे.

टायर जमिनीपासून सुटू लागलं तेव्हा शेतातून हाक आली.

“ए! काहून इथंच उभी केली गाडी? मोठा रस्ता पुरून नाही राहिला काय?”

डोक्यावर पदर, हातात फावडं, साठीच्या आसपासची बाई हळदीच्या कडेकडेनं येत होती. अंगानं काटक, चाल तरातरा. शेवंताबाई. पलीकडच्या तांड्यावरच्या. शेत त्यांचं, हळद त्यांची. हे सगळं त्यांनी पुढच्या मिनिटभरात आम्हाला ओरडून सांगितलं.

“मावशी, टायर फुटलंय,” रावसाहेब म्हणाला. “आत्ता हुतंय बघा.”

“टायर फुटलं ते दिसून राहिलं. हे वरचं काय हाय?”

“कुकर हाय, हळदीचा.”

शेवंताबाईंनी कुकराकडे पाहिलं, मग त्याच्या कलण्याकडे, मग जॅकखालच्या दगडाकडे, मग आपल्या हळदीकडे. “हा माझ्या हळदीवर पडला म्हंजे? शिजवलेली हळद पुन्हा शिजवून देता काय तुमी?”

“पडत न्हाई वो. सगळं आयुष्य गेलं माझं ह्यात.”

“व्हय, अजून थोडं राहिलं असंल, तेही जाईल.” त्यांनी फावडं टेकवलं. “लाकडं लाव खाली. ओंडके. मग कर काय करायचं ते.”

“लाकडं कुठनं आणू हितं? चालतंय की मावशी, दहा मिंटांचं काम.”

इथं शेवंताबाईंनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. रावसाहेबानं नट काढायचा लांब पाना जमिनीवर ठेवला होता. त्यांनी वाकून तो उचलला, फावड्याबरोबर खांद्यावर टाकला आणि शेतात चालू लागल्या.

“ओ! ओ मावशी! पाना!”

“ओंडके लाव, मग पाना ने.”

रावसाहेबाच्या मिशा थरथरल्या. सांगली ते हिंगोली कुणी त्याला अडवलं नव्हतं. पोलिसांनीही नाही. तो बांधावर उभा राहून ओरडू लागला, त्या चालतच राहिल्या. पांढऱ्या शर्टवाल्याला वाटलं आता मजा येणार. त्यानं इंजिन बंद केलं. मी मध्यस्थी करावी म्हणून शेवंताबाईंच्या मागं गेलो.

“मावशी, त्याला कळतं सगळं. फक्त घाईत आहे.”

“कळत असलेलेच मरतात, भाऊ. न कळणारा भिऊन तरी राहतो.”

मला वाटलं, आता कहाणी येणार. अशा वेळी कहाणी असतेच. मुलगा असतो, नवरा असतो, ट्रॅक्टरखाली सापडलेला भाऊ असतो. मी आवाज हळू केला, चेहरा तयार केला आणि विचारलं, “तुमच्या घरी कुणाला… असं काही झालं होतं का?”

शेवंताबाई थांबल्या. माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, “न्हाई बा. सगळे धडधाकट हायेत. अक्कल यायला घरात मयत व्हावीच लागती काय?”

मी तयार केलेला चेहरा कुठं ठेवावा मला कळेना.

त्यांच्या खळ्यापाशी बाभळीच्या ओंडक्यांचा ढीग होता. हळद शिजवायला आणलेलं सरपण. त्यातले जाड, सरळ ओंडके त्यांनी पायानं दाखवले. “हे ने. हा नको, हा किडला. हा ने.” आणि मग विचारलं, “तुमच्या गावाकडं बाया वावरात येत न्हाईत काय? तो काहून असा बोलून राहिला मला?”

“येतात की.”

“मग तो घरीबी ऐकत नसंल कोणाचं.”

मी ओंडके वाहिले. ओंडका उचलला की कुठून धरायचा हे कळेपर्यंत तो पायावर पडतो, हे माझं या प्रवासातलं मुख्य संशोधन. पहिल्या खेपेला रावसाहेब हात कमरेवर ठेवून बघत राहिला. दुसऱ्या खेपेला म्हणाला, “दाजी, तुमी तिच्या बाजूला गेलासा व्हय?” तिसऱ्या खेपेला मला धाप लागलेली बघून त्याला लाज वाटली असावी. पुढचे ओंडके त्यानं आणले. पांढऱ्या शर्टवाल्याला एक ओंडका देऊ केला, तेव्हा त्याला अचानक वाशीमला जायचं असल्याचं आठवलं.

शेवंताबाई बांधावर उभ्या होत्या, पाना खांद्यावर, आणि म्हणत होत्या, “आडवे दोन, त्यावर उभे दोन. चूल न्हाई मांडायची, बसका ढीग कर.” अॅक्सलच्या खाली, जॅकच्या शेजारी, ओंडक्यांची चळत उभी राहिली. वरचा ओंडका आणि अॅक्सल यांच्यात हात जाईल एवढीच फट उरली. मग पुढच्या चाकांना दगडांच्या उटी लागल्या. हे सगळं करताना रावसाहेब एकसारखा पुटपुटत होता आणि सगळं अगदी अचूक करत होता. न शिकवता येत होतं त्याला. राग होता तो बाईमाणसानं सांगितल्याचा.

“घ्या,” शेवंताबाईंनी पाना दिला. “आता कर दहा मिंटांत.”

नट घट्ट बसले होते. चाक हवेत, त्यामुळे पाना लावला की नटाबरोबर चाकच फिरे. आधी ढिले करायचे ते यासाठी. रावसाहेबानं माझ्याकडे न बघता वरचे दोन ओंडके काढले, जॅक खाली घेतला, चाक जमिनीला टेकवलं, पान्यात पाइप घालून नट ढिले केले, पुन्हा जॅक चढवला आणि ओंडके होते तिथं सारले. नट निघाले. फुटलेलं चाक बाहेर आलं. आम्ही दोघांनी ते बाजूला लोटलं. स्टेपनी आणायला रावसाहेब वळला तोच त्याच्या शर्टाच्या खिशातला मोबाइल वाजायला लागला. तो वाकलेला असल्यामुळे मोबाइल खिशातून सटकला, उताराच्या मुरमावरून घसरत गेला आणि आतल्या चाकाच्या पलीकडे, बरोबर ट्रकच्या पोटाखाली जाऊन वाजत राहिला.

“बायकोचा हाय,” रावसाहेब म्हणाला आणि पालथा पडून आत शिरला.

गाडीखाली अंग घालायचं नाही हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी तोंड उघडलं होतं, एवढं मला आठवतं. बोललो का नाही ते आठवत नाही.

जॅकखालचा दगड मुरमात एका अंगानं खचला. आवाज फार मोठा नव्हता. खट्, असा. जॅक तिरका झाला आणि आमच्या डोळ्यांदेखत बाहेर उडाला. वरचा सगळा डोलारा, ट्रक, कुकर, त्याचे ड्रम, एकदम खाली आला. दोरखंड करकरले. ओंडक्यांतून कडाड् करून आवाज आला, वरचा एक ओंडका मधोमध चिरला, आणि ट्रक थांबला.

धुळीत रावसाहेबाचे दोन पाय दिसत होते. हलत नव्हते.

मी आयुष्यभर खोचक बोलत आलोय. माझ्या बायकोच्या मते दुसरं मला काही येत नाही. त्या वेळी मी नुसतं त्याचं नाव घेत राहिलो. मोबाइल वाजायचा थांबला होता.

शेवंताबाई बांधावरून उडी मारून आल्या. ट्रकजवळ न जाता गुडघ्यांवर बसून, जमिनीला गाल टेकवून त्यांनी आत पाहिलं. “ए लेकरा! हायस काय?”

आतून काहीतरी आलं. खोकला.

“हात सापडला काय कुठं? पाय?”

“न्हाई.” आवाज रावसाहेबाचा होता, पण त्यातला साहेब गेला होता.

“मग डोकं वर नको करू. जसा गेला तसा माघारा सरक. हळू. हळू, लेकरा, ट्रक कुठं जात न्हाई, लाकडावर बसला हाय.”

तो सरकत बाहेर आला. शर्ट पाठीवर फाटला होता, कारण खाली आलेल्या ट्रकच्या पोटानं त्याला नुसता स्पर्श केला होता. अजून थोडा खाली आला असता तर काय, हे आम्ही तिघंही डोळ्यांनी मोजत होतो. रावसाहेबाच्या हातात मोबाइल होता. तो त्यानं सोडला नव्हता.

शेवंताबाईंनी त्याला दंडाला धरून बांधावर बसवलं आणि पाणी दिलं. त्या रागावल्या नाहीत. मी वाट बघत होतो. मी असतो तर हा मोका सोडला नसता. त्या फक्त म्हणाल्या, “पी. सगळं पी.” आणि मग, “हळद वाचली माझी.”

मोबाइल पुन्हा वाजला. रावसाहेबानं उचलला. पलीकडून बायको काहीतरी विचारत होती.

“काय न्हाई गं,” तो म्हणाला. “टायर बदलायलोय.” थोडं ऐकून घेतलं. “हं. हं. आणतो की.” फोन ठेवला आणि पाठ फिरवून बसला. आम्ही शेताकडे बघत राहिलो, म्हणजे त्याला हवं ते करता येईल.

पुढचं काम त्यानं केलं तसं काम मी कधी पाहिलं नाही. मुरूम फावड्यानं काढून खालची कडक जमीन लागेपर्यंत खणलं. शेवंताबाईंच्या खळ्यावरची एक जाड फळी मागून घेतली. “आक्का, ती फळी देतासा?” असं विचारून. मावशीची आक्का झालेली माझ्या लक्षात आली. त्यांच्याही आली असावी. फळीवर जॅक बसवला, चिरलेला ओंडका काढून दुसरा लावला, ट्रक थोडा थोडा उचलला आणि प्रत्येक उचलीमागं फट उरेल तिथं लाकूड सारलं. मी जवळ गेलो की “दाजी, लांब” म्हणून ओरडला. स्टेपनी चढवली, नट समोरासमोरचे आवळले, चाक टेकवल्यावर पुन्हा आवळले. मुरमातून ट्रक वर डांबरावर आणला.

निघताना रस्त्यावरची फांदी आणि दगड तसेच राहिले होते. गाडी सुटली की दगड मागच्यांसाठी ठेवून जायचे, ही आपली जुनी परंपरा. रात्री एखादा मोटरसायकलवाला त्यांच्यावर आपटला की ती पूर्ण होते. शेवंताबाईंनी दगडांकडे बोट केलं. मी ते फांदीसकट उचलून कडेला टाकले.

“जेवून जाता काय?” त्यांनी विचारलं. भाकरी आणि तुरीच्या दाण्यांची आमटी होती. रावसाहेब चार घास खाऊ शकला. मी केळीचा उरलेला घड त्यांना दिला. “हे डोंगरकड्याचं केळं,” मी ऐटीत म्हणालो.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “माझी लेक तिथंच दिलेली हाय. दर हप्त्याला येऊन राहिले हे.” आणि घड ठेवून घेतला.

नाका आणि परत

कनेरगाव नाक्यावर धाब्यापाशी कुकर घेणारे लोक उभे होते. उशीर का झाला विचारल्यावर रावसाहेब म्हणाला, “टायर.” त्यांच्या मागोमाग आतल्या खेड्यात गेलो. कुकर उतरला, नारळ फुटला, मी झाकणाची माहिती सांगितली. फुटलेल्या चाकावर नवं टायर चढवून घेतलं. परतीला निघालो. लातूरच्या पुढं रावसाहेब एकदा म्हणाला, “दाजी, ती कोण हुती वो आपली?” मी म्हणालो, “कुणी नाही.” तो म्हणाला, “तेच म्हंतोय.”

सांगलीत अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, “कुकरला ओरखडा तरी नाही ना?” नव्हता. मग त्यांनी प्रवास कसा झाला ते विचारलं आणि उत्तर यायच्या आत फोन घेतला.

आता रावसाहेबाच्या ट्रकमध्ये, केबिनच्या मागं, बाभळीचे सहा जाड ओंडके आणि एक फळी दोरीनं बांधलेली असते. टायर बदलायच्या वेळी तो आधी ती काढतो, आणि ट्रकखाली आजवर पुन्हा गेलेला नाही. पण धाब्यावर दुसरे ड्रायव्हर हसून विचारतात, “काय रं रावश्या, लाकडं कशाला वागवतोयस?”

आपण नियम पाळतो, हे चारचौघांत कबूल करायचं म्हणजे माणसाची अब्रूच जायची.

“चुलीला,” रावसाहेब म्हणतो. “बायकोनं सांगितल्यात.”